‘गेलं’ला एकच खूण

२१ एप्रिल

शिमग्याला लेक आरती आली तेव्हा दोन वस्तू ठेवून गेली. एक मोठ्या पडद्याचा मोबाईल आणि एक ही वही. "आप्पा, रिटायर झाल्यापासून तुमी आईचं डोकं खाताय, त्यापरीस लिहीत बसा," म्हणाली. माझ्या बायकोला, झुंबरला, लहानपणापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. तिचं डोकं मी कसलं खाणार! पण बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, रोज काहीतरी लिहायची हाताला सवय. म्हणून बसलो.

मोबाईलचं मात्र जमेना. आमची हिरडेवाडी डिंगोरे गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत. रेंजची एक काडी येते, तीही उंबऱ्यात उभं राहिलं तर. तेवढ्यावर बोलणं होतं. पण ते माझं आणि आरतीचं. झुंबरला बोलण्याचा काय उपयोग, तिला दिसायला पाहिजे. आरती रोज म्हणते, "व्हिडिओ लावा, आईला दाखवा." लावला की गोल गोल फिरत राहतं.

आमच्या घरात हातांची भाषा आहे. शाळेतली नव्हे, झुंबरनं घरीच बसवलेली. गाडीच्या घंटीच्या दोरीला दोन हिसके दिले की मी. ओवाळल्यासारखा हात फिरवला की आरती. पोटावर हात म्हणजे पोरबाळ. एका तळहातावरून दुसरा पुसत पुढं नेला की ‘गेलं’. एसटी गेली, लाईट गेली, शेजारची म्हातारी गेली, सगळ्याला एकच खूण. आरती तोंडानं बोलायच्या आधी हातानं बोलायला लागली. मलाही सगळं येतं. मायलेकींच्या मधला कंडक्टर मीच. आरती फोनवर दहा वाक्यं बोलते, मी झुंबरला दोन खुणांत सांगतो: बरी आहे, जेवली. ती माझ्या हातांकडे आणखी थोडा वेळ बघत राहते. मी सांगतो, संपलं, एवढंच.

२४ एप्रिल

आज फोनवर आरतीचा आवाज बसल्यासारखा वाटला. म्हणाली, "आप्पा, मला आईशी बोलायचंय."

"सांग की. मी सांगतो तिला."

"तुमाला न्हाई. आईला."

जरा लागलंच मनाला. एवढी वर्षं मधे उभा राहून दोघींचं पोचवलं, त्याचं हे फळ. पण पोरगी नाशिकला एकटी, सासू कडक, जावई ऋषी अंबडच्या कंपनीत पाळीवर. आईची आठवण येणारच. ठरवलं, नेट आणायचं. आधी लगीन नेटचं, मग बाकी सगळं.

लगेच खाली ग्रामपंचायतीत गेलो. तिथं भिंतीवर नेटची पेटी आहे. उद्घाटनाला घातलेला हार वाळून अजून तिच्यावर लोंबतोय. सरपंच बाळासाहेब म्हणाले, "आप्पा, पेटी हाय, कनेक्शन हाय, कागदावर तर चालू बी हाय."

"मंग?"

"वायर न्हाई. रस्ता रुंद केला तवा जेसीबीनं उपटली."

"म्हंजे गाडी फलाटाला लागली, बोर्ड लावला, कंडक्टर बसला, फकस्त इंजिन न्हाई."

"आता कसं बोललात!" म्हणाले आणि चहा मागवला. अर्ज दिलाय. पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय मी कुठूनच हलत नाही.

२७ एप्रिल, रविवार

आजचा दिवस सोन्याचा! सविस्तर लिहितो.

आमच्या शेजारची साळुबाई वरच्या सड्यावर शेळ्या नेते. ती म्हणाली, "तितं तीन दगडांपाशी रेंज येती, माझ्या लेकाचा फोटू आला व्हता." सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं कातळ, वाडीपासून पाऊण तासाची चढण. झुंबरनं नवं लुगडं नेसलं, केसांना तेल लावलं आणि माझ्या पुढं चालत सुटली. माझे गुडघे कुरकुरत होते, तिचं लक्ष नव्हतं.

अकराला आरती पडद्यावर आली. झुंबरनं बोटानं पडद्यावरचा तिचा गाल शिवला. आरतीचे डोळे सुजल्यासारखे होते, झोप झाली नसावी. तिनं मोबाईल कशाला तरी टेकवून दोन्ही हात मोकळे केले. हळूहळू हात हलवायला लागली. पोटावर हात ठेवला. दुसरा हात वर उचलला आणि चित्र अडकलं. पाच मिनिटं तशीच, तसबिरीतल्यासारखी. मग बंदच पडलं.

पण मला तेवढं पुरलं. पोटावर हात! तीन वर्षं वाट बघितली ती गोष्ट! मी उडीच मारली. झुंबर मात्र जागची हलेना. मग तिनं पोटावर हात ठेवला आणि तळहातावरून तळहात पुसला. मी खुणेनं म्हटलं, बरोबर, पोटाचं सांगितलं आणि रेंज गेली. तिनं पुन्हा तेच केलं. पुन्हा. मग माझा हात ओढून माझ्या तळहातावरून तिचा तळहात पुसला. मी म्हटलं, अगं गेली तर गेली, रेंजच ती, परत येईल. ती मटकन दगडावर बसली आणि रडायला लागली. बायकांना आनंदाचं रडू लवकर येतं. मलाही आलं, खोटं कशाला लिहू.

खाली आल्यावर घरोघर साखर वाटली. साळुबाई म्हणाली, "कंडक्टर, तीन म्हयनं झाल्याबिगर सांगू न्हाई." मी म्हटलं, "माझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई, तुला ठावं न्हाई का?"

२८ एप्रिल

सकाळी उंबऱ्यात उभं राहून आरतीला फोन लावला. पहिला प्रश्न तिचाच. "आईला कळलं का?"

"कळलं. मलाबी कळलं."

पलीकडं हुंदका. मला हसूच आलं. म्हटलं, "आगं यात रडायचं काय? बायकांच्या जातीला हे चुकलंय व्हय? तुझ्या आयनं न्हाई का सोसलं! आराम कर, जड उचलू नको, देवाच्या मनात असंल तसं व्हईल."

"बरं," म्हणाली. मग विचारलं, "आई काय म्हणाली?"

"ती काय म्हणणार. रडली जरा. आता बरी हाय."

फोन तिनंच ठेवला. लाजली असणार. बापाशी असलं बोलायला पोरींना अवघड जातं. म्हणूनच तर आईशी बोलायचं म्हणत होती! आता कोडं सुटलं.

४ मे

झुंबरचं काहीतरी बिनसलंय. हिरडा वाळत घातलाय, तो उलटायला जात नाही. अर्ध्या भाकरीवर उठते. साळुबाईनं बाळाच्या दुपट्यासाठी मऊ जुन्या लुगड्याचे तुकडे आणून दिले. झुंबरनं ते हातात घेतले, घडी केली आणि पेटीत तळाला टाकले. साळुबाईला वाईट वाटलं. मी सावरून घेतलं, म्हटलं दृष्ट लागू नये म्हणून करत असेल.

दुपारी बघतो तर हिनं पिशवी भरलेली. नाचणीचं पीठ, सुंठ, तूप. स्टिअरिंग फिरवायची खूण केली, ओवाळायची केली. नाशिकला चल. मी समजावलं, आता हिरडा, मग भाताचा राब भाजायचा, मग पेरणी. आणि चार दिवसांत घरात नेट येतंय, रोज समोरासमोर बघशील. तिनं परत तळहात पुसला. आता काय सांगावं हिला? नेट गेलं नाही, अजून आलंच नाही.

संध्याकाळी ऋषीचा फोन. भिडस्त पोरगा. म्हणाला, "आप्पा, आईंना घेऊन येता का? तब्येत बरी हाय आता, पण तिचं मन लागंना कशात."

"पहिल्या वेळंला व्हतं तसं," मी म्हटलं.

"व्हय. डॉक्टरबी तेच म्हणले."

"मंग झालं तर. नेट येऊ दे, मंग बघू."

पिशवी मी खुंटीला अडकवली. पेरणी उरकल्यावर सातव्या महिन्याला दोघं जाऊ.

११ मे

पंचायतीत घोडं पेंड खातंय. वायरचा अर्ज जुन्नरला गेला, तिथून पुण्याला. म्हणून ओतूरच्या दादाभाऊला गाठलं. तो खासगी नेट देतो, छोट्या डिशवर. वाडीत आला, चार ठिकाणी उभा राहून बघितलं, म्हणाला, "आप्पा, आपला टावर डोळ्यानं दिसला पायजे. जितनं दिसंल तितं डिश."

"सड्यावरनं दिसतो."

"मंग सड्यावर खांब रोवा, वीस फुटी. वरनं वायर खाली घरापतुर आणू. पण खांब, सिमेट, पाणी माझी माणसं न्हाई चढवणार."

पाऊण तासाची चढण आणि वीस फुटी लोखंडी पाईप! रात्रभर विचार केला. सकाळी सुचलं: इर्जिक. पूर्वी एकाचं शेत अडलं की सगळी वाडी आपापली अवजारं घेऊन जायची, काम उरकून त्याच्या घरी जेवायची. आता ट्रॅक्टर आल्यापासून कुणी घालत नाही. मी घालणार.

झुंबरशी दोन दिवस बोलणं नाही. म्हणजे हात नाहीत. मी समोर गेलो की पदराखाली घेते.

१९ मे

इर्जिक झाली! चौदा घरांतली एकतीस माणसं आली. पाईप आठ जणांनी खांद्यावर घेतला. बायकांनी डोक्यावरून पाण्याच्या कळशा नेल्या. सत्तरीचा रखमाजी वाळूचं घमेलं घेऊन चढला. मी म्हटलं, "तात्या, तुमी बसा." तर म्हणाला, "आरं, आरतीच्या लेकराचं त्वांड बघायचंय मला, काय सांगावं जगतो का मरतो." सगळे तेच म्हणत होते. कुणी मला नातू दिला, कुणी नात. नोकरीत असताना वाडीला मी गाडी वेळेवर आणली एवढंच, पण लोक विसरले नाहीत.

झुंबरनं तेवढ्या माणसांची डाळ-भाकरी केली. वाढताना साळुबाईनं तिच्या तोंडात गूळ घातला. तिनं तो तसाच हातावर काढून ठेवला. मला राग आला. चारचौघांत असं करतात? घरात गेल्यावर खुणेनं चांगलं झापलं तिला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. तिनं डोळे मिटले की मग बोलायचा मार्गच राहत नाही.

२३ मे

कसं लिहू समजत नाही. क्रमानं लिहितो.

दुपारी चारला दादाभाऊनं वायर घरात आणली, पांढऱ्या डबीवरचे चार दिवे लागले. मी मुद्दाम सगळ्या वाडीला बोलावलं होतं. अंगणात घोंगड्या टाकल्या, लापशी केली. मोबाईल तुळशीच्या कट्ट्यावर उभा केला, आवाज मोठा ठेवला आणि आरतीला व्हिडिओ लावला. तिला आधी सांगितलं नव्हतं. गंमत म्हणून.

आरती आली. कपाळावरचा केससुद्धा दिसत होता इतकी स्वच्छ. वाळली होती. सगळ्यांना बघून दचकली, हसायचा प्रयत्न केला. तेवढ्यात साळुबाई पुढं झाली आणि ओरडली, "पोरी, उभी ऱ्हा की जरा! प्वाट बघू दे आमाला!"

आरतीला आधी समजलंच नाही. मग समजलं. तिनं माझ्याकडे बघितलं. "आप्पा," म्हणाली, "तुमाला म्हाईत हाय ना?"

मी म्हटलं, "काय?"

"तुमीच म्हणला व्हता, कळलं म्हणून. यात रडायचं काय म्हणला. बायकांच्या जातीला चुकलंय का म्हणला."

सगळ्या अंगणानं ऐकलं. रखमाजीनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. त्यानंतर मला समजलं. वाडीला समजल्यावर, सगळ्यात शेवटी.

झुंबरला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. पण ती उठली, हात हलवून सगळ्यांना जायला सांगितलं, मोबाईल उचलला आणि आत जाऊन चुलीपुढं बसली. माणसं उठून गेली. लापशी तशीच राहिली.

मी दाराशी उभा राहून बघत होतो. दोघींचे हात चालले होते. इतक्या वेगानं मी झुंबरचे हात कधी बघितले नव्हते. माझ्याशी ती असं बोलतच नाही. मला वाटायचं तिची भाषा तेवढीच आहे, चहा, भाकरी, गुरं, उशीर. तिथं तर भराभर काय काय येत होतं आणि मला त्यातलं दहातलं एक समजत होतं. पोट. गेलं. दवाखाना. चार बोटं, म्हणजे चौथा महिना असावा. ओवाळण्याची खूण पुन्हा पुन्हा, माझी आरती, माझी आरती. मधेच तिनं दोरीचे दोन हिसके दिले. मी. मग कानाला बोट लावलं आणि हात नाही म्हणून हलवला. मला वाटलं, स्वतःचं सांगतेय, ऐकू येत नाही म्हणून. पण ते आरतीला काय सांगायचं? तिला माहीतच आहे. तिनं परत केलं. दोन हिसके. कान. नाही.

तेव्हा समजलं कोणाला ऐकू येत नाही ते.

२४ मे

झोप नाही. महिना होत आला. महिनाभर बायको मला एकच गोष्ट सांगत होती आणि मी तिला रेंजचं सांगत होतो. माझं नातवंड गेलं त्याची मी घरोघर साखर वाटली. त्याच्या नावानं एकतीस माणसांना डोंगर चढायला लावला. आणि रडणाऱ्या पोरीला हसून म्हटलं, यात रडायचं काय. नाशिक इथून पाच तासांवर आहे. बत्तीस वर्षं लोकांना तिकडच्या गाड्यांत बसवत होतो. मलाच बसायचं सुचलं नाही.

सकाळी झुंबरनं खुंटीवरची पिशवी काढली. मी माझीही भरली. तिनं माझ्या खांद्याला धरून मला खाटेवर बसवलं. बस. तू बस. एवढी खूण मला येते.

ओतूरला सोडायला गेलो. कधी एकटी गेलेली नाही, म्हणून कंडक्टरसाठी चिठ्ठी लिहिली: हिला ऐकू येत नाही, नाशिकला उतरवा, जावई स्टँडवर आहे. तिनं चिठ्ठी घेतली आणि चोळीत खोचली. खिडकीशी बसली. मी खाली उभा होतो. आता काहीतरी सांगायला पाहिजे होतं, पण हात वर केले आणि तसेच राहिले. कंडक्टरनं दोरीला दोन हिसके दिले. ते बघून तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. गाडी निघाली.

२६ मे

साळुबाई भाकरी देऊन गेली. दारातूनच. म्हणाली, "म्या वरडाया नको व्हतं, आप्पा." मी म्हटलं, "तू नुसती वरडलीस. साखर कुणी वाटली?" ती रडत गेली. वाडीत मला कुणी काही बोलत नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

२ जून

नेट आल्यापासून आज पहिल्यांदा मोबाईल वाजला. आरतीचा व्हिडिओ. उचलला तर पडद्यावर झुंबर. नाशिकच्या स्वयंपाकघरात, मागं गॅस, त्यावर दूध. तिनं काहीतरी विचारलं. दोन-तीन खुणा लागोपाठ. मला समजलं नाही. परत विचारलं. नाही समजलं. मग मागून आरतीचा आवाज आला, "आई इच्यारतीये, जेवलात का, गुडघ्याला तेल लावता का."

आता माझ्यासाठी पोरगी कंडक्टर झाली. मी मान हलवली. जेवलो नव्हतो.

आरती पुढं आली, आईच्या खांद्याला टेकून बसली. तब्येत थोडी भरलीये. मी म्हटलं, "आरती, तुला तोंडानं सांगतो. माझं चुकलं गं पोरी."

"ऱ्हाऊ द्या, आप्पा."

"ऱ्हाऊ कसं द्यायचं? तिलाबी सांगायचंय. पण तू सांगू नको, मला सांगायचंय. तुमच्या भाषेत ‘माझं चुकलं’ कसं म्हणत्यात, त्येवढं शिकव."

आरती आईकडे वळली, तिला हातानं काहीतरी विचारलं. झुंबरनं नाही म्हणून मान हलवली.

"न्हाई, आप्पा," आरती म्हणाली. "त्याला खूणच न्हाई. आईला तशी कुणी कधी केलीच न्हाई, मंग ती पडंल कुठनं?"

बाहेर साळुबाईच्या शेळ्या ओरडत होत्या. मी विचारलं, "मंग मी काय करू?"

"काही करू नका. आई बोलती ते बघत बसा. नाय कळलं तरी बघा."

झुंबरनं गॅसवरचं दूध उतरवलं, पदराला हात पुसले, मोबाईल सारखा केला आणि बोलायला लागली. पाऊण तास बोलत होती. चित्र एकदाही अडकलं नाही.